ज्याला जशी हवी तशी

ट्रेमध्ये दोन सूप आणि टोस्टची बशी घेऊन ती हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून बाहेर आली, तेव्हा खांबाजवळच्या टेबलावर नेहमीचा टायवाला गुरुवारच्या काकूंना सांगत होता, "त्यांचे मिस्टर रात्रपाळीला असतात ना. कारखान्यात. जरा तापट आहेत म्हणे, पण माणूस चांगला." काकूंनी चमचा बशीत ठेवला. "कुणाचे मिस्टर?" टायवाल्याने हनुवटीनेच तिच्याकडे खूण केली. "ह्यांचे की." काकूंनी मान वळवली आणि ती नेमकी समोर, हातात ट्रे, तोंडावर नेहमीचं हसू. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग टायवाल्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. संशय आलेली नोट उजेडात धरून बघावी तसं. "अहो, हिचा नवरा वारला," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यासारखीच आहे ही." सूप हिंदकळलं आणि बशीत सांडलं.

अशा वेळी माणसाला लाज वाटते, निदान वाटायला हवी, हे तिला ठाऊक होतं. लाजेची वाट बघत ती क्षणभर उभीही राहिली. पण तळपायातून जे तापत वर चढलं ते दुसरंच होतं आणि ते इतकं जुनं, इतकं ओळखीचं होतं, की इतके दिवस हे कुठे दडून बसलं होतं याचंच तिला नवल वाटलं. सूप खिडकीच्या टेबलाचं होतं. तिथे एक आई दोन लहान मुलांना घेऊन बसली होती. ट्रेसकट तिचे पाय आपोआप तिकडे वळले, सांडलेली बशी तिने फडक्याने टिपली, आणि तिच्याच तोंडून गोड, चढा, मुलांसाठीचा आवाज बाहेर पडला: "गरम आहे हं, फुंकर मारायची, नाहीतर जीभ रुसेल." मुलं हसली. आई म्हणाली, "तुम्हाला बरं जमतं हो. मुलं असतील ना घरी?" तिने मान हलवली. हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आईला जे हवं होतं ते आईने त्या मानेतून उचललं आणि ती सूप ढवळू लागली.

खरं तर काकूंना त्या खुर्चीवर तिनेच बसवलं होतं. सकाळी आतल्या खोलीतला पाण्याचा पाइप फुटला, फरशीवर घोट्याएवढं पाणी झालं, आणि मालकांनी आतली खोली बंद करून सगळी गर्दी बाहेरच्या टेबलांवर कोंबायला सांगितली. अनोळखी माणसं एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून जेवत होती. अशात काकू आल्या. आज गुरुवार नव्हता. काकू दर गुरुवारी दवाखान्यातून परतताना येत, कोपऱ्यातल्या टेबलावर चहा आणि बिनलोण्याचा टोस्ट घेत, आणि तास-दीड तास बसत. आज वाकडी वाट करून, धापा टाकत आल्या होत्या; गुडघे धरत होते, पर्स पोटाशी घट्ट धरली होती, आणि चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद. तिला एवढंच दिसलं की काकूंना बसायला हवं, आणि खांबाजवळ टायवाल्यासमोर खुर्ची रिकामी आहे. "इथे बसता का काकू, मी आलेच," ती म्हणाली आणि आत पळाली. नेहमीची दोन गिऱ्हाइकं एका टेबलावर बसवायची नाहीत, हे मावशीने तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मावशी म्हणजे या हॉटेलातली सगळ्यांत जुनी वाढणारी, गुडघ्याला पट्टा बांधून दिवसभर उभी असायची. "नेहमीच्या माणसाला वाटतं हॉटेल आपलं आहे," मावशी म्हणायची. "एका घरात दोन मालक झाले की भांडी वाजतात." पण तिला त्या दोघांची एकमेकांशी सांगडच कधी घालता आली नव्हती. टायवाला ज्या जगात सव्वाच्या ठोक्याला येऊन कटलेट मागवायचा, त्या जगात काकू नव्हत्याच. तिथे ती स्वतःही वेगळीच होती. माणूस दोन कपाटांत कपडे ठेवतो. एका कपाटातला सदरा दुसऱ्यातल्या सदऱ्याशी बोलेल, असं त्याच्या मनात येतं का?

पाणी ठेवताना बघायचं, हे मावशीने शिकवलं होतं. ग्लास टेबलावर टेकेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात समोरचं माणूस वाचून झालं पाहिजे. जो ग्लासाकडे बघत नाही त्याच्याशी बोलायचं नाही. जो ग्लास उचलून आधी कड तपासतो, त्याला चमचा पुसून द्यायचा, आणि पुसताना त्याला दिसेल असा पुसायचा. भांडण अर्धवट टाकून आलेल्या जोडप्यापुढे भिंत व्हायचं. चहा एकदा तरी परत पाठवल्याशिवाय ज्याचं समाधान होत नाही, त्याच्यासाठी पहिला चहा मुद्दाम जरा कमी गरम न्यायचा, म्हणजे बिचाऱ्याला तक्रार शोधत बसावं लागत नाही. निवृत्त मास्तरांना शंका विचारायची. बायकांच्या घोळक्यात गुडघेदुखी काढायची. हे सगळं मावशी करायचीच, पण मावशी ते कपडे घातल्यासारखं करायची, घरी जाताना काढून ठेवायची. हिचं तसं नव्हतं. ती आली त्या महिन्याभरातच मालक म्हणू लागले, "हिच्याकडे देणगी आहे. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हिला कळतं." नव्या मुलींना ते तिच्याकडे बोट दाखवून सांगत, बघा, शिका. ती खाली मान घालून हसायची. देणगी. कुणी दिली, हे मालकांनी विचारलं नव्हतं.

तो बोलायचा नाही. एवढंच होतं. लग्नानंतर काही दिवस बोलला. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आला, चपला काढल्या, जेवला, झोपला, आणि बोलला नाही. ती समजली दमला असेल. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. काय झालं, विचारलं तर तिच्यामागच्या भिंतीकडे बघायचा. मग एका सकाळी अचानक "चहा दे" म्हणाला, जणू मधले दिवस कॅलेंडरातून कुणी फाडून नेले होते. आपलं काय चुकलं हे तिला कधीच कळलं नाही. म्हणून ती सगळंच तपासू लागली. जिन्यावर त्याचं पाऊल जड पडलं की हलकं. रुमाल खिशातून काढून ठेवला की टाकला. ताट पुढे ओढलं की ते होतं तिथेच राहू दिलं. पहिला घास घेताना भुवई किती हलली. मीठ कमी आहे, की ऑफिसात काही झालंय, की तिने शेजारणीशी हसून बोलणं त्याने वरून ऐकलंय. ती त्याच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत बसायची आणि एकेका अर्थाप्रमाणे बदलायची. कमी बोलून बघितलं. जास्त बोलून बघितलं. पडदे धुतले. हसणं बंद केलं. तिची आईही कमी बोलायची, दिवसभरात मोजकंच. पण आईच्या न बोलण्यात माणूस निवांत बसू शकत होता, अंगणात बसावं तसा. याचं न बोलणं म्हणजे आतून कडी लावलेला दरवाजा, आणि दाराबाहेर ती, रोज नवी तयारी करून उभी. कधीकधी तो बाहेर कुणाशी तरी फोनवर खळखळून हसताना तिला ऐकू यायचा. मग आत यायचा, आणि चेहऱ्यावरून ते हसू हात पुसावेत तसं पुसून टाकायचा.

ती निघाली त्या दिवशी विशेष असं काही घडलं नव्हतं. तिने भात लावला होता, आणि झाकण ठेवताना ते जरा जोरात आपटलं. आवाज झाल्याबरोबर तिचा हात थबकला, कान दाराकडे गेले. आणि तेव्हा तिला आठवलं की तो घरात नाहीये, संध्याकाळपर्यंत येणारही नाही. रिकाम्या घरात ती एका झाकणाच्या आवाजाची माफी मागायला उभी होती. तिने गॅस बंद केला. पिशवीत कपडे भरले. भात अर्धवट तसाच राहिला.

भावाने दार उघडलं, तिची पिशवी बघितली आणि आत जाऊन वहिनीला बोलावून आणलं. वहिनी वाईट नव्हती. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि विचारलं, "मारतो का?" नाही. "पितो?" नाही. "दुसरं काही? बाहेरचं?" नाही वहिनी. वहिनीचा हात पाठीवर होता तिथेच थांबला. "मग?" ती सांगू लागली. सांगताना तिच्याच कानाला ते हास्यास्पद वाटू लागलं. बोलत नाही. ताटाकडे बघतो. रुमाल टाकतो. वहिनीने ऐकून घेतलं आणि मग अगदी प्रेमाने म्हणाली, "अगं, पुरुषमाणूस. कामाच्या रगाड्यात नाही बोलत कधीकधी. आमचे हे तरी कुठे." दिवस गेले तसा 'मग?' घरात मुक्कामाला आला. ती जिथे झोपायची, ओट्याशेजारच्या पट्टीत धुण्याच्या यंत्राला पाय लावून, तिथेही तो असायचा. भाऊ पाणी प्यायला यायचा तेव्हा तिच्या अंगावरून ओलांडून जायचा आणि सकाळी वहिनी पहिला चहा टाकायच्या आत अंथरूण गुंडाळलेलं असायला हवं, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण तिला कळायचं. कळण्यात तर ती तरबेज होती. भाचीच्या मैत्रिणी आल्या की वहिनी सांगायची, "आत्या आलीय चार दिवस." चार दिवस संपतच नव्हते. एक दिवस वहिनीने मोठ्या मनाने सुचवलं, "एकदा तरी हात उगारला असता ना त्यांनी, तर मी स्वतः तुझ्या बाजूने उभी राहिले असते बघ." यात वहिनीला काही वावगं वाटलं नाही. तिलाही तेव्हा वाटलं नव्हतं. उलट रात्री पडल्या पडल्या तिने मनातल्या मनात त्याचा हात उगारलेला बघायचा प्रयत्न केला होता, आणि तो उगारेना म्हणून स्वतःवरच चिडली होती.

काकूंच्या पहिल्या गुरुवारी हे सगळं ताजं होतं. तिने पाणी ठेवलं, काकूंनी ग्लासाऐवजी तिच्या मनगटाकडे बघितलं. "एकटीच का गं तू?" त्यांनी विचारलं. तिला 'हो' म्हणायला काहीच अडचण नव्हती, ते खरंच होतं. काकूंनी तिचा हात हातात घेतला; मऊ, थंड, औषधाच्या वासाचा हात. "मला दिसलंच. आपलं आपल्याला ओळखू येतं. माझ्यासारखीच आहेस." आणि पुढे एकही प्रश्न नाही. 'मारायचा का?' नाही, 'प्यायचा का?' नाही, 'मग?' नाही. एका शब्दाचा पुरावा न मागता समोरचं माणूस तिच्या बाजूचं झालं होतं. तिने हात काढून घेतला नाही. बस्स, तेवढंच तिने केलं होतं. एक हात काढून घेतला नाही. पुढे दर गुरुवारी काकू आपल्या नवऱ्याबद्दल सांगायच्या, किती शांत माणूस, जन्मात कधी चढा शब्द नाही, आणि ती ऐकायची. हळूहळू मग तिच्याही नवऱ्याला एक आजार झाला, एक इस्पितळ झालं, एक शेवटची पहाट झाली. काकूंना पहाट लागायची. तिने दिली.

टायवाल्याचं कारण साधं होतं. तो दुपारी एकटा यायचा, मऊ बोलायचा, "तुम्ही दमता हो फार," म्हणायचा, आणि त्याचं म्हणणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं. एके दिवशी त्याने विचारलं, संध्याकाळी किती वाजता सुटता. तिने बशी उचलता उचलता एक नवरा उभा केला. रात्रपाळीवाला, दांडगा, तापट, रोज न्यायला येणारा. टायवाला तेव्हापासून आदराने वागू लागला. एका नसलेल्या माणसाच्या मनगटाला भिऊन त्याने आपले पाय खुर्चीखाली घेतले होते. तिचं स्वतःचं 'नको' त्याला कधी ऐकूच आलं नसतं.

आणि काकूंच्या घराला वरची एक खोली होती. स्वतंत्र जिना, स्वतःचा नळ, आतून लावता येणारी कडी. गेल्या गुरुवारी काकू म्हणाल्या होत्या, "रंग देऊन घेते आणि किल्ली तुलाच. दोन एकट्या बायका, एकमेकींना होऊ." त्यानंतरच्या दिवसांत ती ओट्याशेजारी पडून मनातल्या मनात ती कडी लावायची. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. आज काकू वाकडी वाट करून का आल्या होत्या, हे तिला आता समजलं, कारण तिने ठेवलेल्या टोस्टच्या बशीशेजारी एक पितळी किल्ली पडली होती, नव्या दोऱ्यात ओवलेली, आणि बोलण्याच्या भरात टायवाला ती बोटाने इकडून तिकडे सरकवत होता.

"म्हणजे मला तुम्ही खोटं सांगितलंत," टायवाला आता तिला म्हणाला. ती खिडकीच्या टेबलावरून परतली होती. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, खरोखरचं दुःख, घेतलेली वस्तू घरी नेल्यावर तडकलेली निघावी तसं. "मी तुमची काळजी करत होतो. तुम्ही इतके दिवस मला, काय म्हणावं..." त्याला शब्द सापडेना. "नवरा आहे का नाही, ते तरी सांगा." आजूबाजूच्या दोन टेबलांवरचे चमचे थांबले. तिला जाणवलं की त्याच्यासाठीचा चेहरा, जरा थकलेला, जरा भ्यायलेला, आपोआप वर येतोय, चांगला घोटलेला, तयार. तिने तो येऊ दिला नाही. "कटलेट गार होतंय," ती म्हणाली. टायवाला उठला. काउंटरवर जाऊन तो मालकांशी हळू आवाजात बराच वेळ बोलला आणि टाय सावरत निघून गेला.

मालकांनी तिला झुलत्या दाराआड गाठलं. "हे काय ऐकतोय मी? कुणाला नवरा मेला सांगतेस, कुणाला आहे सांगतेस. हॉटेल आहे का नाटक कंपनी?" हाच माणूस नव्या मुलींना म्हणायचा, गिऱ्हाइकाला जे हवं ते दिसलं पाहिजे. "तुम्हीच म्हणायचात देणगी आहे," ती म्हणाली. मालकांना हे उलट उत्तर वाटलं. तिच्याकडून आलेलं पहिलंच, त्यामुळे त्यांना ते पटकन ओळखूही आलं नाही. "उद्या त्या साहेबांची माफी माग, विषय संपला," ते म्हणाले. "नाही मागणार." "काय?" "नाही मागणार म्हटलं." मालक काही बोलणार तेवढ्यात बाहेर कुणीतरी बिलासाठी हाक मारली. "उद्या बघू," म्हणत ते गेले; आणि त्या 'बघू'मध्ये तिची नोकरी टांगलेली राहिली.

मावशी भांड्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. "त्याचं सोड," मावशी म्हणाली. "तो चार दिवसांत परत येईल, त्याला दुसरीकडे कटलेट मिळत नाही. ती बाई बसलीय अजून. तिचं बघ." मग जवळ येऊन, खालच्या आवाजात, "जा आणि रड तिच्यापुढे. जास्त नको, डोळे भरतील एवढं. खोली जाईल नाहीतर हातची." मावशीच्या सांगण्यात कपट नव्हतं, मीठ घाल म्हणावं इतकं ते सरळ होतं. आणि रडणं अगदी जवळ होतं, डोळ्यांच्या मागेच. पण तिला कळत होतं की ते रडणं काकूंना हवं तसलं नाही, त्याला भांडी फोडायची आहेत.

गर्दी ओसरली. काकू तशाच बसल्या होत्या. चहावर साय धरली होती. ती समोरच्या, टायवाल्याने रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसली. वाढणाऱ्या बाईने गिऱ्हाइकासमोर बसायचं नसतं. काउंटरवरून मालकांनी बघितलं, ते तिने बघितलं, आणि ती बसून राहिली.

"जिवंत आहे?" काकूंनी विचारलं.

"हो."

"टाकलं तुला?"

"मी सोडून आले."

काकूंनी सुस्कारा सोडला. तो बराचसा सुटकेचा होता. सोडून आली म्हणजे कारण असणार आणि कारण कळलं की क्षमा करता येते. "अगं मग आधीच सांगायचंस की, वेडे. मारायचा ना?" काकूंचा हात टेबलावरून पुढे आला, तोच मऊ थंड हात, आणि ती त्या हाताकडे बघत राहिली. किती सोपं होतं. पुन्हा फक्त हात काढून घ्यायचा नाही. काकूंनी नवरा पुन्हा घडवायला घेतला होता, आता मारकुटा. तिने नुसती मान खाली घालायची होती. वरची खोली, आतली कडी, सगळं त्या मानेपलीकडे होतं.

"नाही," ती म्हणाली. "बोट नाही लावलं कधी. पीत नव्हता. बाहेरचं काही नव्हतं. तो बोलायचा नाही, काकू."

"बोलायचा नाही म्हणजे?"

"म्हणजे बोलायचा नाही. दिवसेंदिवस. का ते सांगायचा नाही. मी ओळखायचं. मी ओळखत बसले."

काकूंचा हात टेबलाच्या मध्यावर थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग गार चहाकडे. बराच वेळ त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि ती, सवयीने, त्या काहीच नसलेल्या तोंडाचा अर्थ लावू पाहत होती. मग काकू म्हणाल्या, "एवढंच?"

तिने टेबलावरचा टोस्टचा चुरा बोटाने गोळा केला.

"एवढ्यासाठी?" काकूंचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "एवढ्यासाठी कुणी घर सोडतं? माझे तरी कुठे बोलायचे? महिना-महिना नाही बोलायचे. आमच्या थोरलीच्या लग्नात माझ्याशी नाही, दुसऱ्यांकरवी निरोप. कशामुळे, ते गेले तरी मला कळलं नाही. म्हणून काय मी..." त्या थांबल्या. जन्मात कधी चढा शब्द नाही. शांत माणूस. दर गुरुवारी तिने ऐकलेलं सगळं त्या दोघींमध्ये टेबलावर येऊन पडलं, आणि काकूंनाही ते पडलेलं दिसलं. क्षणभर तिला वाटलं, आता ही बाई रडेल, आणि आपण खरंच एकमेकींसारख्या होऊ. तिचं सगळं अंग पुढे झुकलं.

पण काकूंनी पदर सारखा केला. "माझे चांगले होते," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचा स्वभाव असतो." मग किल्ली उचलून, दोरा बोटाभोवती गुंडाळत, हिशेब मिटवावा तशा समजुतीच्या सुरात, "हे बघ. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून बसलेय. विधवा बाई येतेय, गरीब आहे, सोबत होईल. आता काय सांगू, धडधाकट नवरा टाकून आलीय म्हणून? तू असं कर. तुझ्यापुरता तो मेलाच आहे ना? मग मेला म्हण. माझ्यापुढे एकदा म्हण, आपण हा विषय पुन्हा काढायचा नाही. खोली तुझी." आणि त्यांनी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

यात काकूंचा चांगुलपणा होता, हे तिला दिसत होतं. वहिनीच्या हातातही होता, मावशीच्या सल्ल्यातही. सगळेच चांगले होते. सगळ्यांनी आपापल्या चांगुलपणाच्या मापाची एकेक बाई तिच्याकडे मागितली होती, आणि ती आणून देत गेली होती, गरम, वेळेवर, हसून. नवऱ्याने निदान काही मागितलं नव्हतं. त्याने तिला नुसतं ताटकळत ठेवलं होतं, आणि त्या ताटकळण्यातून जी बाई तयार झाली तिच्यावर हे सगळं जग निवांत जेवत होतं. तिला टेबल उलथून टाकायचं होतं. तिला काकूंना गदागदा हलवून विचारायचं होतं, तुम्ही का नाही उठलात, तुम्हीही झाकणं आपटायला भीत होतात ना, तुम्ही उठला असतात तर आज मला 'मग?' कुणी विचारलं नसतं. यातलं काही ती बोलली नाही. काकूंचे गुडघे दुखत होते, त्या म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांनी जे झाकून ठेवलं होतं ते त्यांच्या अंगाला चिकटलेलं होतं. ते ओढून काढायचा हक्क तिला नव्हता. स्वतःचं तेवढं तिच्या हातात होतं.

"तो मेलेला नाही," ती म्हणाली. हा आवाज कुठल्याच टेबलाचा नव्हता. जाडसर होता, वापर नसल्यासारखा. "रोज ऑफिसला जातो. त्याचं बरं चाललंय. आणि मी त्याला सोडलं ते बरोबर केलं. एवढ्यासाठीच सोडलं, काकू. एवढंच पुरेसं होतं."

काकूंनी किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. पर्सची चेन अडकली, त्यांनी ती दोनदा ओढली. उठताना गुडघा धरला, तेव्हा तिने सवयीने हात पुढे केला, आणि काकूंनी तो घेतलाही, कारण खरोखर आधार लागत होता. दारापर्यंत दोघी तशाच गेल्या, एकमेकींकडे न बघता. पायरीवर काकू म्हणाल्या, "गुरुवारी मी..." आणि वाक्य तिथेच टाकून रस्त्याला लागल्या. ती त्यांना वळणापर्यंत बघत राहिली. आज रात्री पुन्हा ओट्याशेजारी पडायचं होतं, भावाला पाणी प्यायला तिच्यावरून ओलांडून जायचं होतं. त्या विचारानेही राग उतरला नाही. त्याला आता घाई नव्हती, एवढंच. मुक्कामाला आलेल्या माणसासारखा तो तिच्यात ऐसपैस बसला होता.

आत येऊन तिने खांबाजवळचं टेबल पुसलं. एक माणूस येऊन तिथे बसला, पूर्वी कधी न आलेला, ओल्या छत्रीचा दांडा खुर्चीला अडकवत. तिने पाणी ठेवलं. ग्लास टेकेपर्यंत तिने त्याच्याकडे बघितलं नाही, त्याच्या हातांकडे नाही, भुवयांकडे नाही. "काय देऊ?" तिने विचारलं. माणसाने मान वर केली. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. त्याने मागे वळून बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. "रागावलात का?" त्याने बिचकत विचारलं.

"हो," ती म्हणाली. "काय देऊ?"